कोरड्या टाकीवरचे देवरावकाका

देवराव खंडारे हा माणूस आमच्या गावात राहायच्या लायकीचा नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. गाव वाईट आहे असं नाही. गाव झकास आहे. मानोऱ्याहून कारंज्याकडे जाणारी एसटी धरा, मधल्या एका फाट्यावर उतरा आणि दिसेल त्या माणसाला काहीही विचारा. माहीत असो नसो, उत्तर मिळेल. "मले मालूम नाई" असं म्हणणं इथं कमीपणाचं समजतात. अशा गावात देवरावकाका दर दोन वाक्यांमागे एकदा म्हणायचे, "म्या आयकलं नाई." आता सांगा, कसं जमायचं?

मी इथल्या ग्रामपंचायतीत लिपिक. एकोणीस वर्षं झाली. न भरलेल्या सभेचं इतिवृत्त लिहिण्यात माझा हात धरणारा माणूस जिल्ह्यात नसेल. "ग्रामस्थ बहुसंख्येने उपस्थित होते, विषयावर सांगोपांग चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर" हे वाक्य मी झोपेतही लिहू शकतो, आणि खरं सांगायचं तर कित्येक दुपारी तसंच लिहिलं आहे. तेव्हा काकांचा मला किती ताप होत असेल, तुम्हीच समजून घ्या.

काका पोलीस खात्यात बिनतारी यंत्रावर होते. तेहतीस वर्षं कानाला हेडफोन. निरोप आला की अक्षरन् अक्षर उतरवायचा, समोरच्याला पुन्हा वाचून दाखवायचा, त्यानं बरोबर म्हटलं की खाली वेळ टाकायची. जे ऐकलं तेच लिहायचं, जे समजलं ते नाही. एक अक्षर जरी खरखरीत बुडालं तरी तिथं आडवी रेघ ओढायची. नोकरी संपली, काका गावी आले, पण ही सवय काही निवृत्त झाली नाही.

किराणा दुकानात पोऱ्या म्हणायचा, "काका, साखर येक किलो, चायपत्ती पाव, अन् अगरबत्ती." काका मान हलवून म्हणायचे, "साखर येक, चायपत्ती पाव, अगरबत्ती येक. बरोबर?" तो बरोबर म्हणाल्याशिवाय पिशवी उचलायचे नाहीत. कोणी लग्नाची पत्रिका दिली तर ती पूर्ण मोठ्यानं वाचून, खालच्या चिमुकल्या मंडळींच्या नावांसकट, शेवटी "मिळाली" म्हणायचे. चहाच्या टपरीवर तर त्यांनी कहर केला. तिथं कोणी म्हटलं की अमक्याची सून माहेरी निघून गेली म्हणे, की काका विचारत, "तुवं आयकलं का तुले कोनी सांगतलं?" तो म्हणायचा, सांगितलं कोणीतरी. "मंग त्याले आयकू आलं होतं का?" असं दोन-तीनदा झालं की बातमीतला सगळा दम निघून जायचा. टपरीवाला मला हात जोडून म्हणाला होता, "विलासभाऊ, ह्या मानसाले दुसऱ्या टपरीवर पाठवा ना बावा. माह्या गिऱ्हाइकाईचं बोलनंच बंद झालं."

सदऱ्याच्या वरच्या गुंडीला एक बोटभर पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली असायची. पेन नाही; पेन थंडीत दगा देतं म्हणे. दोरा वीतभर. कोणी पेन्सिल मागितली तर नाही म्हणायचे नाहीत, पण सोडूनही द्यायचे नाहीत. लिहायचं असेल तर त्यांच्या छातीशी वाकून लिहायचं. मी तसा कधी वाकलो नाही. माझ्या खिशाला तीन पेनं असतात.

घरात सुमनकाकू. त्यांनी या माणसाबरोबर संसार केला म्हणजे त्यांची जागा कुठल्यातरी भिंतीवर तसबिरीत असायला पाहिजे. त्या म्हणायच्या, "मीठ सरलं." काका वहीत लिहायचे, सात वाजून दहा, मीठ नाही. "मंग भांडन झालं का वही काढतेत," काकू मला सांगायच्या. "म्हंतेत, पंधरा तारखेले तू असं नाई, असं म्हनली होती. सांग बावा, अशा मानसासंगं भांडाव तरी कसं?"

आता हा रेडिओचा नाद. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा आणि देशात, जगात तसलेच परवानेवाले जे कोणी बसले असतील त्यांच्याशी हवेतून बोलायचं. खिशात मोबाइल असताना! आणि बोलायचं काय, तर तुझा आवाज मला असा येतो, माझा तुला कसा येतो. काकांनी साठीनंतर ही परीक्षा दिली आणि पास झाले. ओसरीत बुद्धाच्या मूर्तीशेजारी टेबल मांडलं, त्यावर सेट. छतावर बांबू, आणि बांबूवर जुन्या टीव्हीच्या अँटेनांच्या नळ्या जोडून केलेला एक लांबलचक सांगाडा. अँटेना लागली त्याच आठवड्यात गावातल्या निम्म्या मोबाइलांची रेंज गेली. ती त्याआधीही नव्हतीच, पण आता जायला कारण मिळालं.

तर त्यांच्यात स्पर्धा असते. वर्षातून एकदा, हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी सहा ते बारा. व्हीएचएफ नावाच्या लहरींवर जास्तीत जास्त लोकांशी बोलायचं. समोरच्याकडून तीन गोष्टी घ्यायच्या: त्याचं परवान्यावरचं नाव, तो ज्या चौकटीत बसला आहे तिचा क्रमांक, कारण या लोकांनी सगळ्या पृथ्वीला चौकटी पाडून ठेवल्या आहेत, आणि आजच्या दिवसातलं हे त्याचं कितवं बोलणं, तो आकडा. आपल्या तीन त्याला द्यायच्या. तिन्ही बरोबर उतरल्या तर दोघांमध्ये जितके किलोमीटर, तितके गुण. एक जरी चुकली तर भोपळा. 'एकट्याचा गट' म्हणून एक प्रकार होता, काका त्यात उतरायचे. त्यात बोलायचं एकट्यानं, लिहायचं एकट्यानं आणि मुख्य म्हणजे ऐकायचं एकट्यानं.

पण या लहरी सरळसोट जातात. मधे चढाव आला की खलास. म्हणून उंच जागा लागते. आणि आमच्या गावात सगळ्यात उंच काय आहे? पाण्याची टाकी.

टाकीबद्दल थोडं सांगावं लागेल. ती बांधून सहा वर्षं झाली होती. चांगली मजबूत, निळी, वर पांढऱ्या अक्षरात गावाचं नाव. कागदोपत्री तिच्यातून रोज सकाळ-संध्याकाळ गावाला पाणी सुटत होतं. हे मला पक्कं माहीत आहे, कारण ते सोडत होतो मीच. प्रत्यक्षात विहिरीपासून टाकीपर्यंतची पाइपलाइन टाकायचीच राहिली होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बाया हापशीवर रांग लावत आणि वर मान करून टाकीकडे बघत. बांधल्यापासून कावळ्यांशिवाय तिचा कोणाला उपयोग झाला नव्हता.

काका अर्ज घेऊन आले. मी वाचला. विषय: गावातील कोरड्या टाकीवर चढण्याची परवानगी मिळणेबाबत.

"काका," मी म्हटलं, "ते 'कोरड्या' तेवढं काढा."

"काहून?"

"टाकीवर म्हटलं तरी चालते ना. गावात टाकी येकच हाय."

"टाकी कोरडी हाय का नाई?"

"हाय ना. पन लिहायचं कायले?"

"भरेल असती तं म्या चढलो असतो का? लोकाईचं पेयाचं पानी. कोरडी हाय म्हनून तं चढून राह्यलो. कारन तं द्या लागते अर्जात."

सरपंच आत बसले होते. ते बाहेर आले. आमचे सरपंच म्हणजे देखणे, जाकीट घालणारे, कोणाच्याही खांद्यावर हात टाकणारे. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात टाकला. "देवरावदादा, तुमी आपल्या गावाची शान हा. चढा ना, कोन आडवलं तुमाले? अर्जाची काय गरज?"

"इमारत सरकारी हाय," काका म्हणाले. "तोंडी परवानगी म्या घेत नसतो. उद्या तुमी म्हनसान म्या नाई म्हनलो."

तीन दिवस हा अर्ज पंचायतीत नाचला. सरपंचांना परवानगी द्यायची होती, पण कोरड्या टाकीवर देता येत नव्हती, आणि भरलेल्या टाकीवर काका मागत नव्हते. शेवटी तोडगा मीच काढला. अर्ज आवक नोंदवहीत जसाच्या तसा चढवला, कारण आवक नोंदवही कोणी बघत नाही. परवानगीच्या पत्रात नुसतं 'आपल्या अर्जास अनुसरून' असं लिहिलं. माझ्या बुद्धीवर सरपंच एवढे खूश झाले की त्यांनी मला चहा पाजला. मूर्ख मी, मलाही तेव्हा फार हुशारी केल्यासारखं वाटलं.

पहिल्या वर्षी काका पहाटे टाकीच्या लोखंडी शिडीनं चढले. पाठीला दोरीनं सेट बांधलेला. ट्रॅक्टरची बॅटरी नंतर दोरानं ओढून घेतली. टाकीच्या सपाट माथ्यावर सतरंजी, त्यावर काका, कानाला हेडफोन. सहा तासांत एक माणूस सापडला. अमरावतीचे एक प्राध्यापक. शंभर किलोमीटरच्या आतले. खाली काकू भाकर आणि ठेचा घेऊन उभ्या होत्या, त्यांनी विचारलं, "किती झाले?" वरून उत्तर आलं, "येक. पन साफ आयकू आला." सहा तासांत एक माणूस, आणि आवाजात असा आनंद, जणू लेकीचं लग्न जमलं.

दुसऱ्या वर्षी चार माणसं मिळाली, आणि सरपंचही वर चढले. त्यांना माइक पाहिजे होता. "गावकऱ्याईच्या वतीनं दोन शब्द बोलतो," ते म्हणाले. काकांनी माइक छातीशी धरला. "परवाना माह्या नावानं हाय. इथं भाशन चालत नाई." आयुष्यात सरपंचांना माइक मिळाला नाही असा तो एकच प्रसंग असावा. ते खाली उतरले ते थेट घरी गेले. पण माणूस हुशार. रागावून फायदा नाही हे त्यांना लगेच कळलं. दुसऱ्या दिवसापासून काका म्हणजे "आमच्या पंचायतीचा उपक्रम" झाले.

तिसऱ्या वर्षाच्या स्पर्धेआधी काकू पंचायतीत आल्या. उगाच इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग म्हणाल्या, "विलास, तुले सांगतो, कोनाले बोलजो नोको. यायचे कान चालले."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"कारंज्याच्या डाक्टरनं सांगतलं. उजवा तं गेल्यातच जमा हाय. तेहतीस वर्स ते हेडफोन, अन् त्याच्यात वरतून ती खरखर. मशीन लावा म्हनते डाक्टर. हे म्हंतेत, मशीननं आयकलेलं ते माह्यं आयकनं नोहे. येक डाव पयला नंबर येऊ दे, मंग लावतो." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "कान हायत तवरक येक डाव. बस, दुसरं काई मांगत नाई हा मानूस."

मला फार वाईट वाटलं. हे मी तुमच्यापाशी कबूल करतो, त्यांच्यापाशी केलं नव्हतं. मी म्हटलं, "होईल काकू, होईल," म्हणजे मी जे सगळ्यांनाच म्हणतो ते.

त्या रविवारी थंडी अशी होती की शिडीला हात लावला तर हात चिकटेल. काका खूश होते. अशा थंडीत हवेचे थरावर थर बसतात आणि लहरी त्यांच्यामधून नाल्यातल्या पाण्यासारख्या दूरवर वाहत जातात, असं त्यांनी मला समजावलं होतं. सरपंचांनी त्या वर्षी खास सोय केली होती. गावाला ऐकू यावं म्हणून सेटला बाहेरचा भोंगा जोडला होता. काकांची हरकत नव्हती. "तुमी आयका," ते म्हणाले. "पन बोलजा नोको. येकट्याचा गट हाय." टाकीवर काका, मी आणि सरपंच. खाली निम्मं गाव, शेकोट्या पेटवून.

सहा वाजले. अमरावतीचे प्राध्यापक आले. अकोल्याचा एक आला. मग बराच वेळ नुसती खरखर. आणि साडेसहाच्या सुमारास, इंझोरीच्या बाजूला आकाश जरा तांबूस झालं असताना, त्या खरखरीच्या तळाशी कोणीतरी बोलायला लागलं. अगदी बारीक, विहिरीत बसून कोणी हाक मारावी तसं. काका पुढे झुकले. त्यांनी अँटेना हातानं थोडी फिरवली, दक्षिणेकडे. आवाज वर आला.

हैदराबाद! सव्वातीनशे किलोमीटर. खाली एकदम गलका झाला. काकांनी एक हात वर केला आणि सगळे गप्प. आमचं गाव गप्प बसू शकतं हे मला त्या दिवशी कळलं. काकांनी आपल्या तीन गोष्टी दिल्या, त्या माणसानं बरोबर परत वाचल्या. मग त्यानं आपल्या दिल्या. नाव आलं, काकांनी उतरवलं. चौकट आली, उतरवली. मग आकडा. भोंग्यातून मला अगदी स्वच्छ ऐकू आलं: झिरो, वन, फोर.

काकांनी लिहिलं, शून्य, एक. आणि पेन्सिल थांबली.

त्यांनी पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला, झिरो, वन, फोर. खाली शेकोटीपाशी बसलेल्या म्हातारीलाही कळलं असतं. काकांनी हेडफोन उजव्या कानावरून काढून दोन्ही हातांनी डाव्यावर दाबला. चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघायला लागलो. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. पण एव्हाना ऊन पडायला लागलं होतं, थर मोडला होता, आणि हैदराबाद खरखरीत बुडून गेलं.

"चार!" सरपंच ओरडले. "फोर म्हनला तो, देवरावदादा! लिवा चार!"

"चार, चार!" खालून अख्खं गाव.

काकांनी हेडफोन गळ्यात सरकवला. मग म्हणाले, "तुमी आयकलं. म्या नाई." आणि शून्य-एकच्या पुढे आडवी रेघ ओढली. सरळ, स्वच्छ रेघ, जणू पट्टीनं ओढली.

मी तिथं उभा होतो. मला त्या माणसाचा संताप आला. एक आकडा! सगळ्या गावानं ऐकलेला! कोण बघणार होतं? आणि त्याच वेळी मला हेही कळलं की काकांना खरी गोष्ट आत्ता समजली. आवाज कमी नव्हता. त्यांचा कान संपला होता, आणि ते सगळ्या गावासमोर भोंगा लावून कळलं होतं.

इथं दुसरं कोणतंही गाव थांबलं असतं. पण आमचं गाव! दुसऱ्या दिवशी सरपंचांनी मला बोलावलं. "विलास, अख्ख्या गावानं आयकलं ना चार? मंग ठराव घ्या. ग्रामसभेचा."

आणि मी तो लिहिला. अजून माझ्याकडे त्याची प्रत आहे. "हैदराबाद येथील गृहस्थांनी उच्चारलेला अंतिम अंक 'चार' असल्याचे या ग्रामसभेने सर्वानुमते ठरविले असे." खाली सत्तावीस सह्या आणि अंगठे. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे मी ते दुपारी एकट्यानंच गोळा केले, म्हणजे काय ते समजा. सरपंच म्हणाले, हा स्पर्धावाल्यांना रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा, सोबत आपला शिक्का मारा. मी आधी काकांना दाखवायला नेला. का नेला कोण जाणे. शाबासकी पाहिजे होती बहुतेक.

काका ओसरीत बसले होते. त्यांनी ठराव नेहमीप्रमाणे मोठ्यानं पूर्ण वाचला. मग सह्या वाचल्या, एकेक करून. एका नावावर बोट थांबलं.

"महादेव तायडे?"

महादेव मागच्याच वर्षी वारला होता. हात सवयीनं गेला होता. यादी तीच होती ना.

"महादेवाचे कान माह्याहून चांगले दिसतात," काका म्हणाले.

ते हसले, म्हणजे नुसते ओठ हलले. ठराव घडी घालून त्यांनी मला परत दिला आणि म्हणाले, "मिळाला." बस. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, बाप्पा. शिव्यांची सवय आहे मला.

निकाल लागला. अमरावतीचे प्राध्यापक पहिले, काका दुसरे. हैदराबादचे किलोमीटर मिळाले असते तर उलट झालं असतं, आणि त्या किलोमीटरांची किंमत काकांना रेघ ओढतानाच माहीत होती. पण सरपंचांनी फ्लेक्स आधीच छापून आणला होता. फाट्यावर लागला: प्रथम क्रमांकाबद्दल हार्दिक अभिनंदन. फ्लेक्सवर सरपंच पाऊणभर आणि काका कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे. काकांनी घरून स्टूल आणि पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणला, भरदुपारी सगळ्यांसमोर चढून 'प्रथम' वर पांढरं फासलं आणि वाळल्यावर पेन्सिलीनं नीट अक्षरात लिहिलं, दुसरा. फाट्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या तांड्यावरच्या बाया हसून हसून लोटपोट झाल्या. तो फ्लेक्स पुढं दोन महिने तसाच होता.

त्याच वर्षी उन्हाळ्यात तपासणी आली. जिल्ह्याहून एक साहेब येणार, योजनांची कागदपत्रं बघणार. सरपंच आदल्या दिवशी आले, दार लावलं आणि म्हणाले, "आवक नोंदवहीतलं ते देवरावदादाचं पान बदलून टाक. कोरडी-बिरडी कायचं. टाकी चालू हाय आपली."

सोपं काम होतं. ब्लेड, पांढरी शाई, पाच मिनिटं. अशी मी आयुष्यात किती केली असतील! मी वही उघडली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: गावातील कोरड्या टाकीवर चढण्याची परवानगी मिळणेबाबत. एकोणीस वर्षांच्या त्या सगळ्या वह्यांमध्ये टाकीबद्दल खरा शब्द तेवढा एकच होता, आणि तोही माझा नव्हता. मला ती आडवी रेघ आठवली. कान गेला तरी तो माणूस खोटा आकडा लिहीना, आणि माझे दोन्ही कान शाबूत. मला लाज वाटली. दुसरं काही मोठं झालं नाही. नुसती लाज वाटली. मी ब्लेड ड्रॉवरमध्ये टाकलं आणि घरी जाऊन जेवलो.

साहेब तरुण होता. सगळ्या वह्या चाळत आवक नोंदवहीवर आला. पान उलटलं, परत मागं आला. "टाकी कोरडी होती का तेव्हा?"

सरपंच माझ्याकडे बघत होते. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.

"होती," मी म्हणालो. "आत्ताबी हाय."

त्यानंतर मला काय काय ऐकावं लागलं ते इथं सांगत नाही. सरपंच काही वाया गेले नाहीत. पाइपलाइन टाकायच्या कामाचं भूमिपूजन त्यांनीच केलं, जाकीट घालून, आणि माइकवर पाऊण तास बोलले. पण पाइप पडले. खरेखुरे. दिवाळीनंतर टाकीची चाचणी ठरली आणि टाकीला कुंपण लागलं. कुंपणावर पाटी: टाकीवर चढण्यास सक्त मनाई. पाटी रंगवली मी, माझ्या हातानं.

स्पर्धेच्या आधी काका अर्ज घेऊन आले. विषय: भरणाऱ्या टाकीवर चढण्याची परवानगी मिळणेबाबत. मी खालमानेनं शेरा मारला, नामंजूर, आणि वाचून दाखवला. नोकरीतला माझा पहिला नकार ज्याला खरं कारण होतं, आणि तो द्यायची वेळ आली ती यांनाच.

"नामंजूर," काका म्हणाले. "कारन पेयाचं पानी. बरोबर?"

"बरोबर, काका."

"मिळालं." त्यांनी अर्जाची प्रत घडी घातली. "विलास, कारन पक्कं हाय. मले राग नाई."

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच रविवारी, स्पर्धेच्या सकाळी. त्यानंतर आठ दिवसांनी ते आणि काकू अकोल्याला लेकीकडे गेले, कानाच्या इलाजासाठी, आणि घराला कुलूप लागलं ते अजून आहे. त्या सकाळी पाण्याची पहिली चाचणी होती. पंप सुरू करून मी टाकीपाशी आलो, तर कुंपणाच्या बाहेर, जिथून मोठा पाइप जमिनीतून येऊन आत वर चढतो तिथं, काका उकिडवे बसले होते. सेट नाही, हेडफोन नाही. अंगात स्वेटर, गुंडीला पेन्सिल, हातात स्पर्धेची वही. डावा कान त्या थंडगार पाइपाला लावलेला.

मी जवळ गेलो. त्यांना माझी चाहूल लागली नाही. मग दिसलो तेव्हा त्यांनी बोटानं खुणावलं, बस. मी बसलो. त्यांनी मान हलवून पाइपाकडे दाखवलं. मीही कान लावला. लोखंड कानाला चावलं. आधी काहीच नाही. मग आत, खोल, एक घरघर आली, वर सरकली, आणि तिच्यामागून भरगच्च आवाज, चढत चढत जाणारा.

"पानी चढून राह्यलं," काका म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते. "आयकलं म्या. साफ."

त्यांनी घड्याळ पाहिलं, गुडघ्यावर वही धरली आणि नोंद केली: सहा वाजून बावीस, टाकी, पाणी. मग वही माझ्यापुढे सरकवली.

"तुवंही आयकलं ना?"

"हो, काका."

"आयकलं का कोनी सांगतलं?"

"आयकलं."

"मंग लिव."

माझ्या खिशाला तीन पेनं होती. मी त्यांच्या छातीशी वाकलो, दोऱ्याची ती बोटभर पेन्सिल धरली आणि त्यांच्या ओळीखाली लिहिलं: पाणी. ऐकलं.